हाताने खुणावून

"कातासेइओ, कातासेइओ," प्रियदर्शनी ओसरीवर बसून घोकत होती. दिवाळीला ती उमापूरला घरी आली होती, पण पुण्यातली ग्रीक व्याकरणाची परीक्षा तोंडावर होती.

"म्हंजी काय गं?" शेंगा फोडता फोडता राजनंदिनीनं लेकीला विचारलं.

"हातानं खूण करून लोकांना गप्प करणं. काता म्हणजे खाली, सेइओ म्हणजे हलवणं. असं." प्रियदर्शनीनं हात पुढं केला आणि तळवा खाली करून दोनदा हलवला.

राजनंदिनीच्या बोटांत शेंग तशीच राहिली. सकाळी ग्रामसभेत तिनं नेमकं हेच केलं होतं. ती गावची सरपंच. गायरान सोलरवाल्यांना द्यायचा विषय निघाला, तशी मेंढरं राखणारी साखराबाई उठून उभी राहिली.

"मंग आमची मेंढरं कुठं चरावी?"

राजनंदिनीनं तिला हातानं खाली बसवलं होतं. तू बस, मी बोलते. सभेआधी तसा शब्दच दिला होता तिनं. साखराबाई निर्धास्त खाली बसली. पण पहिल्या रांगेतून अमरसिंहांनी, राजनंदिनीच्या नवऱ्यानं, तिच्याकडं एकदाच पाहिलं आणि तिनं सरळ ठराव मताला टाकला. ठराव बिनविरोध झाला.

"आता हे रूप बघ, कातासेइसास," लेक सांगत होती. "आपल्या 'खुणावून'सारखं. नुसतं 'हातानं खुणावून' म्हणून वाक्य संपत नाही. पुढं क्रियापद लागतंच. खुणावून बोलला, खुणावून सांगितलं."

"आन् पुढं काहीच केलं न्हाई तर?"

"तर वाक्य अर्धवट राहतं, आई."

रस्त्यावर धूळ उठली. साखराबाईची मेंढरं माघारी येत होती, मागून तिची हाळी. राजनंदिनी शेंगांचं सूप बाजूला सारून अनवाणीच फाटकापर्यंत गेली. हाक मारावी तर आत अमरसिंह बसलेले. तिनं हात वर केला.

साखराबाईनं हाळी मध्येच तोडली. काठी टेकून ती रस्त्यात उभी राहिली. मेंढरं तिच्या दोन्ही बाजूंनी पुढं सरकत गेली.

"मी गपच हाय, बाईसाहेब," ती म्हणाली. "तुमी बोला."