टॅनबाईंचा पितृपक्ष
परदेशात, पुंगोलमधल्या इमारतीखाली शेजारच्या चिनी टॅनबाई पत्र्याच्या डब्यात कागदाचा शर्ट जाळत होत्या. हौसाबाई नातीला ओढत थेट जवळ गेल्या. "विचार गं हिला, एवढा नवाकोरा शर्ट कशाला जाळतेय?" ऋतानं विचारून सांगितलं, "वारलेल्या नवऱ्याला पोचतो म्हणे." "पोचल्याचं कळवतो का तो?" "हो, स्वप्नात येतो."  हौसाबाईंचे हवालदार यजमान दंगलीत ड्यूटीवर मारले गेले त्याला वीस वर्षं झाली. स्वप्नात एकदाही फिरकले नव्हते. "दुकान कुठाय, विचार!" दुकानात ऋतानं कागदाचे चकचकीत काळे बूट उचलले. "आजी, आजोबा पोलीस होते ना? हे परफेक्ट!" "ठेव खाली! चितेला सलामी दिली, बंदुका उडवल्या, पण पायातले बूट काढायचं एकाही शहाण्याला सुचलं नाही. अजून ड्यूटीवरच उभे असतील ते. नऊ नंबरच्या चपला बघ. घरी यायचंय त्यांना."