‘गोचीड’चा प्रभाव

‘गोचीड’ या चोरून छापल्या जाणाऱ्या चित्रमासिकानं घडवलेल्या चित्रकारांनी शहापुरात एकत्र प्रदर्शन भरवलं. संपादक पंढरी हाराच्या तयारीनं मान वाकवूनच मुरबाडहून आला. भिंतींवर त्यानं एकेकाळी नाकारलेली चित्रं होती आणि प्रत्येकाखाली त्याचाच शेरा: ‘गोठ्याला लाव’, ‘म्हशीला दाखव’. लोक हसले. पंढरीही मोठ्या मनानं हसला. एक चौकट मात्र रिकामी होती. खाली शेरा होता, ‘विहिरीत टाक’.

“हे कुणाचं गो?” त्यानं तिथं उभ्या सोनालीला विचारलं.

“माझ्या दादाचं. तुमी लिवलंत, त्यानं टाकलं.”

“अगो, मस्करी होती ती!”

“हां, त्याला पण मागून कोणी तसंच सांगितलं. मंग काढाया उतरला.”

“मिळालं?”

“तिसऱ्या दिवशी दादा वर आला. चित्र नाय आलं.”