खेळणाऱ्यांसाठीचा विमा

“तीन महिने? ताई, या वयात तीन-तीन महिने गोल्फ खेळायला जातं का कोणी? एकदा बाबांना नीट विचारून तर घ्या,” विमा एजंट बाई फॉर्म भरता भरता म्हणाली होती. बाबांच्या लेकीने ते हसण्यावारी नेलं. मांडीवर छोटी चुळबुळत होती, तिच्या जेवणाची वेळ टळत होती. “आमच्या बाबांना म्हातारपणी चळ लागलाय हो,” ती म्हणाली आणि ‘गोल्फ’पुढच्या चौकटीत खूण करून मोकळी झाली.

आता तीच पॉलिसी स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडी पडली होती आणि बाबा परदेशातल्या दवाखान्यात खुब्याचं हाड मोडून पडले होते. कुणाचा तरी चेंडू कानशिलावर बसला आणि तोल गेला. ऑपरेशन लगेच व्हायला हवं होतं. पण विमा कंपनीची हमी आल्याशिवाय तिथले डॉक्टर हात लावायला तयार नव्हते. तिने आणि नवऱ्याने घरदार विकलं असतं तरी तो खर्च झेपला नसता.

विमा कंपनीचा अधिकारी तरुण होता, बोलायला गोड होता. “काळजी करू नका ताई. गोल्फचं कव्हर आहे तुमचं. खेळताना चेंडू लागला तर सगळा खर्च मिळतो. फक्त ते खेळत होते याचा काहीतरी पुरावा द्या. गुणांचं कार्ड, मैदानाची पावती, काहीही चालेल.”

तिने बाबांना फोन लावला.

“कार्ड होय? पडलं असेल गं गवतात कुठेतरी.”

“आणि पावती?”

“ती मित्राकडे.”

“मग मित्राचा नंबर द्या.”

“तो कुठला फोन उचलायला! तुझी आई गेली तेव्हाही उचलला नव्हता त्याने.”

बाबांचं हे असंच. जन्मभर पोस्टात शिक्के मारले, कॅरमपलीकडे कुठला खेळ माहीत नाही, आणि छोटी झाली त्या वर्षी अचानक गोल्फचं खूळ. म्हणे जुना मित्र तिकडे असतो, तोच बोलावतो, तोच सगळं बघतो.

मग तिला बाबांनी तिकडून पाठवलेला फोटो आठवला. हिरवंगार मैदान, पांढरी टोपी, निळा शर्ट, शेजारी चेंडूंनी भरलेली टोपली आणि मधोमध बाबा, छाती काढून उभे. तिने तो ऑफिसभर मिरवला होता. “आपण इथे दुपटी धुतोय आणि सासरेबुवा बघा,” नवरा म्हणाला होता. यापेक्षा मोठा पुरावा कुठला? तिने लगेच पाठवून दिला.

अर्ध्या तासाने अधिकाऱ्याचा फोन आला. आवाजातला गोडवा गेला होता.

“ताई, हा फोटो तुम्हीच पाठवलात ना?”

“हो. बघा की, मैदानावरच आहेत.”

“त्यांच्या शर्टाच्या खिशावर नंबर आहे. बेचाळीस. खेळणाऱ्यांना नंबर नसतो, ताई. मी तिथल्या ऑफिसात विचारलं. तुमचे बाबा तिथे चेंडू गोळा करतात. गेल्या वर्षीही करायचे. पगार नाही, नुसती राहायला खोली आणि दोन वेळचं जेवण. त्यामुळे मैदानवाल्यांनी त्यांचा विमा काढलेला नाही. आणि आपली पॉलिसी खेळणाऱ्यांची. काम करताना काही झालं तर त्यात बसत नाही.”

“मग आता?”

“आता माझ्या हातात काही नाही. तुम्ही तो फोटो पाठवला नसता तर...” वाक्य त्याने तसंच सोडून दिलं.

तिने बाबांना पुन्हा फोन लावला. चांगलं फैलावर घ्यायचं ठरवलं होतं. पण तोंडून रडवेलं काहीतरी बाहेर पडलं. “बाबा, घरात काय कमी होतं हो तुम्हाला?”

“कमी काहीच नव्हतं गं. इथे एकट्याला खोली देतात. कितीही खोकलं तरी चालतं.”

तिला एकदम आठवलं. दोन खोल्यांचं घर, नुकताच डोळा लागलेली महिन्याची पोर, आणि ती कावलेली. ‘बाबा, जरा हळू खोका ना!’ एकदाच म्हणाली होती. पुढे विसरूनही गेली. त्यानंतर आठच दिवसांत बाबांनी गोल्फचं काढलं होतं.

तेवढ्यात त्यांना उबळ आली. त्यांनी फोन लांब धरला असणार, कारण खोकला उशीत तोंड खुपसल्यासारखा ऐकू येत होता. मग धापा टाकत ते परत फोनवर आले.

“छोटी उठली तर नाही ना गं?”

हमी काही आली नाही. बाबा अजून तिथेच पडून आहेत. हाड वाकडं जुळतंय म्हणतात. रोज फोन केला की ते म्हणतात, मी मजेत आहे. आणि ती आता भेटेल त्याला धरून सांगत असते, तुम्हालाही सांगते आहे: तुमचंही कोणी माणूस असं दूर कुठेतरी मजेत असेल, तर आजच्या आज जाऊन बघून या. फोन करू नका. फोनवर सगळे मजेतच असतात.