ताकदीचं इंजेक्शन

शालेय वेटलिफ्टिंगची अंतिम फेरी सुरू होणार, तेवढ्यात डोपिंग चाचणीचं पथक आल्याची कुजबुज झाली. केतकीचे वडील, अप्पा, हेच तिचे प्रशिक्षक. त्यांनी तिचा दंड धरला. "पोटात दुखतंय म्हन. चल घरला."

"मला काय झालंय?"

ते खाली बघू लागले. अप्पांनी दर रविवारी टोचलेलं ताकदीचं इंजेक्शन कसलं होतं, ते तिला आत्ता कळलं. तिचा आवाज घोगरा झाला होता, पाळी थांबली होती. "वाढीचं वय हाय," ते म्हणाले होते.

"मला कुणी विचारलं, अप्पा?"

"तुझ्याच मेडलसाठी केलं गं."

हात झटकून ती चाचणीच्या खोलीत घुसली. "पहिला माझा नमुना घ्या," ती ओरडली, "आणि इंजेक्शन देणाऱ्याचं नाव लिहा. बाप हाय माझा."