निळी किटली

बेकरी पाडली आणि तिच्या आड दडलेली भिंत सत्तर वर्षांनी उजेडात आली. ऑस्ट्रेलियातल्या बॅलराट शहराच्या जुन्या इमारती दाखवत हिंडणारी टेगन आम्हा शनिवारच्या मंडळींना घेऊन तिथं पोचली, तेव्हा सगळ्यांनी फोटोसाठी फोन वर धरले. भिंतभर चहाच्या जाहिरातीची निळी किटली, आणि वाफ तर जणू आत्ताच निघालेली. बाबांनी ती रंगवली तेव्हा शिडी मी धरली होती. वर्षभरात शेजारी बेकरी उभी राहिली, किटली झाकली गेली. त्या दिवशी बाबा जेवले नाहीत.

"नोरीन, पहिली सही तुमची," टेगननं अर्ज पुढे केला. "इथं आता काही बांधूच द्यायचं नाही. अशी किटली दुसरी कुठं आहे?"

"होती की. बाबांनीच काढलेली. ती कुणी झाकली नाही, उन्हात उभी राहिली."

"काय सांगता! कुठं?"

"तुझी फेरी जिथून सुरू होते ना, त्या कोऱ्या भिंतीवर."

मी निळ्या रंगावर हात ठेवला. उन्हानं तो तापायला लागला होता.

"बांधू दे गं त्यांना. लवकर बांधू दे."