बेचाळिसावा कॉम्प्युटर

एक्केचाळीस कॉम्प्युटर नव्या सर्व्हरला जोडून झाले होते. राहिला होता एकच, केस पेपरच्या खिडकीतला. काम म्हणाल तर दहा मिनिटांचं. जुन्या सर्व्हरचा पत्ता खोडायचा, नव्याचा टाकायचा, कॉम्प्युटर बंद करून चालू करायचा. पण ललित तीन दिवस भलतीच कामं उकरून काढत होता, कारण त्या खिडकीत गीतांजली बसायची. शेखरची बायको. आज मात्र पळवाट नव्हती. संध्याकाळी जुना सर्व्हर कायमचा बंद व्हायचा होता.

"पत्ता टाकला वहिनी. आता रिस्टार्ट करावा लागते."

"नाही केला तं?"

"तं उद्या एकही केस पेपर निंघत नाही."

गीतांजलीनं स्क्रीनच्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथं सात महिन्यांपासून एक बारीकशी चौकट सरकवून ठेवलेली होती. 'शेखरकडून, सकाळी १०.४०. चुकलो. ओके दाब.'

शेखर याच दवाखान्यात ललितसोबत कॉम्प्युटर सांभाळायचा. त्या दिवशी सकाळी नवरा-बायकोचं वाजलं होतं, कशावरून तर भाजीतल्या मिठावरून. दवाखान्यात आल्यावर त्यानं सर्व्हरच्या खोलीतून हा मेसेज तिच्या स्क्रीनवर धाडला. पण बाईही काही कमी नव्हती! तिनं ओके दाबलंच नाही. चौकट ओढून कोपऱ्यात टाकली, अन् राहू दे म्हणाली संध्याकाळपर्यंत असाच. पावणेबाराला, दवाखान्यापासून पाच मिनिटांवरच्या मोर्शी नाक्यावर, ट्रकनं त्याच्या गाडीला उडवलं. जागीच गेला. तेव्हापासून तिनं हा कॉम्प्युटर बंद केला नव्हता. दवाखान्याला जनरेटर होतं, टेबलाखाली बॅटरी होती. कितीदा लाइन गेली, चौकट जागची हलली नाही.

"दाबून टाका ओके," ललित हळूच म्हणाला. "बंद केल्यावर तसंही जाईनच ते. दाबलं तं उत्तर तरी जाईन. तिकडं सर्व्हरवर अजून तुमच्या उत्तराचीच वाट पाहून राहिलं आहे."

बोलला अन् त्यानं जीभ चावली.

"म्हणजे? मी दाबलं नाही, हे त्याले तिकडं दिसत होतं?"

ललित टेबलाखालची वायर उगाच चाचपू लागला.

"किती वेळ बसला होता थो?"

ललितला तो दिवस जसाच्या तसा दिसला. शेखर हेल्मेट मांडीवर घेऊन स्क्रीनसमोर बसलेला. दुपारच्या आत मोर्शीच्या शाखेत पोचायचं होतं. 'अबे निंघ ना,' ललितनं दोनदा म्हटलं. 'थांब बे, दाबतेच ती आता. मी ओयखतो ना तिले.' तासभर बसला. मग घड्याळ पाहिलं अन् जिना उतरून पळतच सुटला. हे कोणत्या तोंडानं सांगावं माणसानं?

"बसते कुठचा वहिनी! धाडला अन् लगेच निंघाला. त्याले कुठं दम होता?"

"बरं." तिनं रांगेतल्या म्हातारीला हातानंच जरा थांबायला सांगितलं. "तुमी जा तिकडं. पोचलं की फोन करा मले."

सर्व्हरच्या खोलीत काळ्या स्क्रीनवर शेखरची ती ओळ तशीच होती. ललित उभा राहून पाहत राहिला. एक मिनिट गेलं, दोन गेली. मग त्या ओळीखाली दुसरी उमटली. 'उत्तर मिळालं.'

"दाबलं बे तिनं," तो एकटाच मोठ्यानं बोलला, आणि त्याला रडू आवरेना. बाहीनं तोंड पुसून, घसा साफ करून त्यानं खिडकीचा नंबर फिरवला.

"पोचलं, वहिनी."

पलीकडून रांगेतल्या लोकांचा गलका तेवढा ऐकू येत होता.

"ललितभाऊ, दहा चाळीसलेच निंघाला होता ना थो?" गीतांजलीनं विचारलं. "मंग पावणेबाराले नाक्यावरच काहून होता?"