ऊई अंकलची मंजुरी

‘छान काम. मंजूर.’

पडद्यावरचे हे शब्द सुहैलाने पुन्हा पुन्हा वाचले.

मागे टाळ्या वाजत होत्या. कोणीतरी कॅन्टीनमधून तेह तारिक चहाचे फेसाळ प्याले मागवले. पेनांगच्या त्या कचेरीतली माणसं कित्येक आठवडे या मंजुरीकडे डोळे लावून बसली होती.

रुग्णाच्या शिरेत थेंब थेंब औषध सोडणारे पंप ही कंपनी बनवायची. जोहोरची आणखी एक कंपनीही तेच बनवायची. बाजारात दोघी एकमेकींच्या जिवावर उठलेल्या. पण पंपाच्या आतला, औषध मोजणारा प्रोग्राम दोघींनी मिळून लिहिला होता आणि जगात कोणालाही वाचता येईल असा उघडा ठेवला होता. औषधाच्या मापात लपवाछपवी नको, एवढ्या एका गोष्टीवर त्यांचं पटलं होतं. नियमही एकच. एकीच्या माणसाने काही बदललं, तर दुसरीच्या माणसाने ओळ न् ओळ तपासून मंजूर करायचं. त्याशिवाय बदल आत जायचा नाही.

जोहोरकडून तपासायला ऊई खेंग सून होते. सगळे त्यांना ऊई अंकल म्हणत. सुहैलाने त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांचे शेरे तेवढे वाचले होते. ‘पुन्हा लिहा.’ ‘ही ओळ झोपेत लिहिली का?’ ‘लाज वाटत असेल तर खोडा.’ त्यांचं नाव दिसलं तरी तिला घाम फुटायचा. या माणसाने आयुष्यात एकदा तरी बरं म्हणावं, असं तिला किती वेळा वाटलं होतं.

आणि आज तिने प्रोग्राममध्ये केलेल्या नव्या बदलाखाली चक्क ‘छान काम’.

“बॉस, आज हे हॉस्पिटलांना पाठवायला नको,” ती म्हणाली.

वसंतनने ओठांशी नेलेला प्याला खाली ठेवला. “का बरं?”

“ऊई अंकल कधी छान म्हणत नाहीत.”

“अगं, सासू एकदा गोड बोलली म्हणून सून काय मांत्रिक बोलावते?”

सगळे हसले. सुहैलालाही हसायचं होतं. तिचे ओठ हललेच नाहीत.

तिने जोहोरला फोन लावला. “ऊई अंकलना द्या ना जरा.”

तिकडची बाई घुटमळली. “ते... जागेवर नाहीत. नंतर बघा.” फोन बंद झाला.

वसंतनने तिला आत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. मघाचं हसू त्याच्या चेहऱ्यावर राहिलं नव्हतं.

“हे बघ, त्यांनी मंजूर केलंय. आपण अडवलं, तर त्यांची मंजुरी खोटी आहे असं आपणच म्हटल्यासारखं होईल. दोन्हीकडचे वकील टपूनच बसलेत. हे एकत्र काम मोडलं तर पहिली जाशील तू. मग मी.”

“मला फक्त एकदा वाचू द्या.”

“लिहिलंस तूच! त्यात काय वाचणार?”

दुपारच्या नमाजानंतर बदल हॉस्पिटलांकडे जायचा होता. पाठवण्याचं काम तिच्याच हाती होतं. नमाजाची वेळ होऊन गेली. तिने काहीच पाठवलं नाही. खुर्ची पुढे ओढली आणि आपणच लिहिलेलं वाचायला लागली. या खेपेला आपल्या डोळ्यांनी नाही. प्रत्येक ओळीपाशी थांबून ती स्वतःला विचारत होती, इथे ऊई अंकल काय म्हणाले असते?

काचेपलीकडे वसंतन वरच्या साहेबांशी फोनवर बोलत होता. त्याचा आवाज चढत होता. मध्येच तिचं नाव ऐकू येत होतं. समोरची अक्षरं हलायला लागली. आपण भित्र्या आहोत, बाकी काही नाही, असं तिला वाटलं. पाठवून टाकावं नि सुटावं. तिचा हात पुढेही झाला.

आणि एका ओळीवर ती अडली.

नर्सने पंप मध्येच बंद करून पुन्हा सुरू केला, तर? आधी किती औषध गेलं, ते हा नवा प्रोग्राम विसरत होता. पुन्हा शून्यापासून मोजत होता. म्हणजे तेच औषध त्याच रुग्णाला परत, पूर्ण.

चूक दुसऱ्या कोणाची नव्हती. तिचीच होती.

तिने वसंतनला हाक मारली आणि ती ओळ दाखवली. त्याने वाचली. “अय्यो,” एवढंच म्हणून तो मटकन खाली बसला. कानाला लावलेल्या फोनमध्ये साहेब अजून बोलतच होते.

तेवढ्यात सुहैलाचा फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

“काक सुहैला? मी बी लियन. जोहोरहून. ऊई अंकलच्या हाताखाली असते.” ती सुहैलाला काक, म्हणजे ताई, म्हणत होती. “तुम्ही त्यांना विचारत होतात म्हणे. काक, ती मंजुरी अंकलनी दिलेली नाही. मी दिली, त्यांच्या नावाने. ते आयसीयूत आहेत, शुद्धीवर नाहीत. वरून सारखी घाई चालली होती, आणि त्यांचा पासवर्ड मला माहीत होता...”

“तू तपासलंस?”

“नाही.”

“एक ओळसुद्धा?” सुहैला ओरडलीच. “अगं, का नाही?”

पलीकडे बी लियनला रडू फुटलं.

“तुमचं काम होतं म्हणून! अंकलच म्हणायचे, सुहैलाचं काम डोळे झाकून मंजूर करावं असं असतं. पण तिला हे कधी कळू देऊ नका. ज्या दिवशी ती घाबरायची थांबेल, त्या दिवशी कोणाचा तरी जीव जाईल.”